सुमनसाठी दिलेली साक्ष

मैत्रिणींनो, आपली ही फिरती वही उद्या पुढे पाठवायची आहे, पण आजचं लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या शाळेतली सुमन बी.एड. नाही. तिचा शिकवण्याचा अनुभव विद्यापीठाने ग्राह्य धरला, तर सराव पाठांची सूट मिळून ती नोकरी सांभाळत परीक्षा देऊ शकेल. नाहीतर नोकरी जाईल. त्यासाठी आज विद्यापीठाचे दोन साहेब भिंगारला, आमच्या शाळेत आले होते.

"आठवीचं गणित मीच शिकवते," सुमन म्हणाली.

"वेळापत्रकात हेडसरांचं नाव आहे," एक साहेब म्हणाले.

शेजारी बसलेले हेडसर हसले. "पोरगी हुशार आहे, पण वाढवून सांगते. कधीमधी वर्ग सांभाळते, इतकंच."

सुमन ताडकन उठली. "कधीमधी? सर, त्या वर्गातल्या चार पोरांची नावं तरी सांगा की!"

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुमचा वर्ग शेजारीच ना?"

माझे यजमान गेले तेव्हा मला या शाळेत घेणारे हेडसरच.

"सुमनच शिकवते, रोज," मी म्हणाले.

"मग त्या तासाला हेडसर कुठे असतात?"

"ते मला माहीत नाही."

मला माहीत होतं. ते साखर कारखान्याच्या निवडणुकीच्या कामाला जातात.

सुमनला सूट मिळेल असं दिसतंय. पण बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाई, अर्धंच बोललात. पुढच्या वर्षीही आठवी त्यांच्याच नावावर, आणि शिकवणार मीच."

तिचं केलेलं काम सांगायचं, तर त्यांचं न केलेलं कामही सांगावं लागतं. माझ्या जागी तुम्ही असता, तर साहेबांच्या त्या दुसऱ्या प्रश्नाला काय उत्तर दिलं असतं?