तीन डाव लागलेलं लगन

मी एका सिनेमात काम केलं आहे, हे कॉलेजात मी कोणाला आपणहून सांगितलं नाही. तशी वेळच आली नाही. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये एका मुलीनं तिचा मोबाइल माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, "ही तूच ना? घटस्फोटवाली?"

मी हो म्हणाले. ती हसली, मग तिच्या मैत्रिणी हसल्या. त्या व्हिडिओत मी एका कोपऱ्यात आहे, पुढे माझा बा हात जोडून उभा आहे. लोक त्यालाच जास्त हसतात. म्हणून हे लिहायला घेतलं. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

दहावीची परीक्षा संपली होती तेव्हा. लोणारच्या सरोवरापाशी एका सिनेमाचं शूटिंग होणार होतं. आमचं गाव तिथून एसटीनं अर्ध्या तासावर, म्हणून गावातले प्रसंग आमच्याकडे घ्यायचे ठरले. शाळेत आम्हा मुलींना रांगेत उभं केलं. पुण्याहून आलेल्या एक बाई प्रत्येकीशी बोलत होत्या. कोणी कविता म्हटली, कोणी नाच केला. मला काहीच येत नव्हतं, तर बाईंनी मला एका मुलीची म्हैस हरवते अशी गोष्ट सांगितली. मी ऐकली. गोष्ट संपल्यावर त्या मागे वळून म्हणाल्या, "हीच."

मला वाटलं त्यांची काहीतरी चूक झाली. पण नंतर त्यांनी सांगितलं की बोलायला पुष्कळांना येतं, ऐकताना चेहरा जिवंत राहणारी माणसं कमी असतात. आमच्या घरात कोणी सातवीच्या पुढे गेलेलं नाही. मला आजवर कोणी "तुला हे येतं" असं म्हटलं नव्हतं. ते वाक्य मी घरी आले तरी मनात धरून होते. मायला सांगितलं, तर ती म्हणाली, "आयकाले कायची अक्कल लागते व?"

काम बारा दिवसांचं होतं. माझं पात्र नवरीचं. लग्न लागतं आणि तिचा नवरा दुसऱ्याच दिवशी बेपत्ता होतो, मग सगळा सिनेमा ती वाट बघते. नवऱ्याचं काम करणारा नट पुण्याचा होता, नाटकातला. तो मला बाळा म्हणायचा. ठरलेल्या जागी न बघता कसं थांबायचं, हे मला त्यानंच शिकवलं. जमिनीवर खडूची खूण करतात, पण खाली पाहिलं तर कॅमेऱ्यात दिसतं. त्यानं खुणेवर एक छोटा खडा ठेवला आणि म्हणाला, "अंगठ्याला खडा लागला की थांबायचं, बाळा." मला ते इतकं आवडलं की घरी अंगणातही मी खडे ठेवून चालायचे. त्याच्याबद्दल मला राग यायला हवा. येतो. पण ती खड्याची गोष्ट आठवली की मध्येच अडकते.

आता लग्नाच्या प्रसंगाचं सांगते.

दिग्दर्शकांना सगळं खरं पाहिजे होतं. मारुतीच्या देवळापुढे मांडव घातला. गावाला निरोप दिला की नटूनथटून या आणि नेहमी करता तसंच करा. आणि गावानं तसंच केलं. कंपनीनं तांदळाच्या अक्षता आणल्या होत्या. बायका म्हणाल्या, आपल्याकडे ज्वारीच्या असतात. त्यांनी घरून ज्वारी आणली, कुंकवात रंगवली. मंगलाष्टकं म्हणायला गावातलेच महाराज बसले. त्यांना अर्धं म्हणून थांबायला सांगितलं होतं, पण ते म्हणाले, अर्धवट मंत्र मी म्हणत नाही, अपशकुन होतो.

एवढ्यानं काही बिघडलं नसतं, असं मला अजून वाटतं. बिघडलं मामामुळे. नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो. त्यासाठी आणलेला माणूस आदल्या रात्रीच भांडून निघून गेला होता. दिग्दर्शकांच्या मदतनीसानं कर्ण्यातून विचारलं, "मुलीचा मामा होईल का कोणी?" गर्दीतून माझा सख्खा मामा पुढे आला. खांद्यावर नवा टॉवेल, छाती पुढे. "होईल काय? मीच हावो ना तिचा मामा!" सगळे हसले. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि माझ्या कानात म्हणाला, "भिऊ नको. मी हावो."

अंतरपाट धरला, अष्टकं झाली, गावानं अक्षता टाकल्या. मग दिग्दर्शक म्हणाले, पुन्हा. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा अक्षता संपत आल्या, तर लोकांनी खालच्या वेचून टाकल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते खोटं नव्हतं. ज्वारी डोळ्यात गेली होती. दिग्दर्शकांनी टाळ्या वाजवल्या.

सिनेमावाले गेले आणि आठ दिवसांत शेजारची काकू पाणी भरताना मायला म्हणाली, "मंग, जावई कधी येऊन राह्यला व?" माय हसली. काकू हसली नाही.

आमच्याकडे अक्षता पडल्या की लग्न लागलं. सप्तपदी झाली, नाही झाली, कोणी विचारत नाही. महाराज खरे, मंत्र पुरे, अक्षता गावानं आपल्या हातानं टाकलेल्या, आणि मामा सख्खा. "मामा खोटा असता त गोष्ट अलग होती," असं लोक म्हणायचे. अकरावीला मी रोज एसटीनं लोणारला जायचे, तर मागच्या सीटवरून पोरं ओरडायची, "तीन डाव लगन लागलं बे हिचं, नवरा एकबी डाव आला नाई न्यायले!" कंडक्टरसुद्धा तिकीट फाडताना म्हणाला होता, "सौभाग्यवती, सरका पुढं."

मामानं आमच्या घरी येणं कमी केलं. आला तरी माझ्याशी बोलताना दाराकडे बघायचा.

त्याच वर्षी दिवाळीआधी पुण्याच्या त्या बाईंचा फोन आला. दुसरा सिनेमा होता. यात मुख्य काम माझं होतं, जवळजवळ प्रत्येक प्रसंगात. दिवाळीनंतर पुण्यात पंधरा दिवस सराव, मग शूटिंग. मी बाला विचारलं तेव्हा तो बैलांना वैरण टाकत होता. त्यानं पेंढी सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाला, "मले सिनेमाचं काई नाई. पण हे लगनाचं मिटलं पाह्यजे. ते मिटलं की जाय. मी सोता नेऊन देतो तुले."

म्हणजे माझं जाणं ज्वारीच्या त्या दाण्यांवर येऊन थांबलं होतं.

भावकीतले एक मोठे काका तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहायचे. बा त्यांच्याकडे गेला. ते म्हणाले, "त्याच्यात काय एवढं? सोडचिठ्ठी घ्या त्या पोराची. मुद्रांकावर. कागद असला की कोनाचं तोंड उघडत नाई." त्यांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता, म्हणून ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. शाळेत माझं अक्षर पहिल्या नंबरचं होतं. लिहून देतो की, असं सुरू झालं. सदर मुलीशी माझा आता कोणताही संबंध राहिलेला नाही. तिने दुसरे लग्न केल्यास माझी हरकत नाही.

मी थांबले. "काका, दुसरं काऊन? पह्यलं त झालंच नाई."

"कायद्याची भाषा असते ते. लिही."

मी लिहिलं. यात काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं, असं मी म्हणू शकते. पण माझ्या डोक्यात पुण्याचे पंधरा दिवस होते. कागदावर काहीही लिहायला सांगितलं असतं तरी मी लिहिलं असतं.

बा, मामा आणि मी पुण्याला गेलो. त्या नटाची नाटकाची तालीम एका हॉलमध्ये चालायची, पत्ता बाईंनीच दिला होता. कशासाठी हवा, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. आम्ही दाराबाहेर चपला काढल्या. बाकी कोणी काढलेल्या नव्हत्या. मला बघून तो खरंच खूश झाला. "अरे, बाळा! तू इकडे कुठे?" बानं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि पिशवीतून कागद काढून दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

त्यानं वाचला. पहिल्यांदा त्याला कळलं नाही. मग कळलं. मी त्याचा चेहरा बघत होते. हसायच्या आधी त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो थांबेल.

"अरे या, या सगळे! माझा घटस्फोट आहे!"

दहा-बारा जण जमले. मोबाइल निघाले. एक मुलगी म्हणाली, "अय्या, सांगितलं नाहीस लग्नाचं!" दुसरा म्हणाला, "मुलं कोणाकडे राहणार?" नटानं कपाळावर हात मारला, गुडघे टेकले, "प्रिये, माझं काय चुकलं?" असं म्हणाला. फार चांगलं म्हणाला. तालमीत असतं तर मलाही आवडलं असतं.

बाला वाटलं तो सही द्यायला नाही म्हणतो आहे. त्यानं हात जोडले. "सायेब, पोरीच्या जिंदगीचा सवाल हाय. तुमचं काई जात नाई. सही तेवढी द्या." या वाक्याला सगळ्यात जास्त हसू आलं. व्हिडिओही तिथंच संपतो.

मामा पुढे झाला. "हसून काऊन राह्यले हो तुमी? मी तिच्या पाठीशी उभा होतो." ते कोणाला कळलं नाही. एकानं विचारलं, "म्हणजे साक्षीदार?" पुन्हा हशा.

शेवटी त्यानं सही केली, पाहिजे तिथे नाही, मधोमध, तिरपी, मोठी. खाली लिहिलं, पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा. मग आम्हाला चहा विचारला. बा म्हणाला, "नको, गाडी हाय." गाडीला चार तास होते. ते आम्ही स्टँडवर बसून काढले. बा मधून मधून पिशवीला हात लावून कागद आहे ना बघत होता. "काम झालं," तो दोनदा म्हणाला.

व्हिडिओ कोणी टाकला, मला माहीत नाही. पहिला सिनेमा महिन्याभरात लागणार होता, आणि त्या लोकांनी जाहिरातीसाठी तोच पुढे पाठवला, एवढं खरं. आम्ही गावात पोचायच्या आधी तो पोचला होता.

दिवाळीच्या तीन दिवस आधी बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज कोरडा नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटलं. "तू छान आहेस गं. पण आमची गोष्ट गंभीर आहे. आता तुला पडद्यावर बघितलं की लोक हसतील. मी खूप भांडले, पण..." मी ऐकत होते. ऐकणं मला येतं. शेवटी त्यांनी विचारलं, "असा कागद करायचं कोणाच्या डोक्यात आलं?" मी म्हणाले, आमच्या सगळ्यांच्या.

बाला सांगितलं, तर त्याला ते समजलंच नाही. "पण आता त मिटलं ना सगळं? कागद हाय ना आपल्यापाशी! त्याईले सांग कागद हाय म्हणून."

दुसऱ्या मुलीनं ते काम केलं. तो सिनेमा मी होस्टेलमध्ये मोबाइलवर पाहिला. मुलगी बरी आहे. थांबायच्या जागी दोनदा खाली बघते.

बारावीची परीक्षा झाल्यावर दुसरबीडकडचे पाहुणे मला बघायला आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचा चुलता. पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं. मग चुलता खाकरून म्हणाला, "त्या सिनेमाचं काईतरी आयकलं होतं आमी." बा याच प्रश्नाची वाट बघत होता. तो उठला, पेटीतून कागद आणला. त्यानं त्याला लोणारहून प्लास्टिक चढवून आणलं होतं. अभिमानानं, तेव्हासारखाच दोन्ही हातांनी, त्यानं तो पुढे धरला.

चुलत्यानं चष्मा लावून सगळा मोठ्यानं वाचला. शुभेच्छांसकट. दुसरे लग्न, यावर त्याचं बोट थांबलं. त्यानं मुलाच्या आईकडे पाहिलं. "म्हंजे झालं होतं त मंग. सोडचिठ्ठी झाली म्हंजे लगन झालं होतं."

"नाई नाई," बा म्हणाला, "झालं नाई म्हणून त हा कागद."

चुलता तोडून बोलणारा माणूस नव्हता. त्यानं कागद सरळ केला, परत दिला, आणि काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून म्हणाला, "अक्षर मात्र सुंदर हाय. कोनाचं हे?"

बाच्या तोंडावर हसू आलं. त्या सगळ्या दोन वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं. "पोरीचंच हाय ना," तो म्हणाला.

ते गेल्यावर माय चुलीपाशी बसून राहिली. पोह्यांच्या बश्या तशाच पडल्या होत्या. बानं कागद पेटीत ठेवला, पेटी लावली. नंतर कोणी बघायला आलं नाही. निकाल लागला त्या आठवड्यात बा बुलढाण्याला जाऊन आला आणि एक फॉर्म माझ्यापुढे ठेवला. कॉलेजचा होता. त्यानं कोणाला विचारून आणला, किती वेळ रांगेत उभा राहिला, मी विचारलं नाही.

"भर," तो म्हणाला. "तुह्यं अक्षर चांगलं हाय."