अकोल्याला गेलेलं घर

बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या मुलींच्या मराठी शाळेत निर्मलाबाई लग्नानंतर लवकरच शिकवायला लागल्या होत्या. १९५६ साली, त्यांनी पंचेचाळिशी गाठली तेव्हा, प्रांत फुटला. वऱ्हाड मुंबईकडे गेलं. बऱ्हाणपूर राहिलं भोपाळच्या हाताखाली. बाईंचे यजमान प्रभाकर कचेरीत कारकून, मूळचे अकोल्याचे. त्यांनी त्याआधीच अकोल्याला बदली मागून घेतली होती आणि मंजूर झाल्यावर घरी सांगितलं. दिवाळीनंतर बिऱ्हाड हलवू म्हणाले. मात्र राजीनामा इतक्यात देऊ नकोस, हेही म्हणाले.

दिवाळी गेली. प्रभाकर अधूनमधून दिवेलागणीला स्टेशनवरच्या टांग्यानं येत आणि जाताना काहीतरी नेत. आधी तांब्याचा बंब गेला, मग खाट, मग शिसवी कपाट. मला कधी नेणार, असं बाईंनी विचारलं की तिकडे जागा लहान आहे म्हणत. रिकाम्या खोलीत बोललेलं घुमू लागलं. शाळेतही बाकं ओस पडत होती. नोकरदार वऱ्हाडात निघून गेले होते, उरलेले मुलींना हिंदी शाळेत घालत होते.

जवळच्या फोपनार गावाहून केळी विकायला येणाऱ्या मथुराबाईंनी कपाट बैलगाडीत चढताना पाहिलं. त्या ओट्यावर टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मास्तरीनबाई, हा मानूस तुमाले न्यायले नाही, घर न्यायले येऊ राहिला."

माघात प्रभाकर आले ते थेट देवघरापुढे बसले आणि एकेक देव पंच्यात गुंडाळू लागले. अन्नपूर्णेला हात लावला तेव्हा बाईंनी तो धरला.

"ही माझ्या आईनं दिलीय. ही इथंच राहील."

"दोन ठिकाणी देव कसे ठेवायचे?"

"घर ठेवलंयत ना दोन ठिकाणी?"

प्रभाकर मान खाली घालून बाकीचे देव गुंडाळत राहिले. बाईंना जे विचारायचं होतं ते विचारावंच लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या घरमालक दिगंबरशेठांकडे गेल्या. तिथं कळलं की खोली चैत्रात रिकामी होणार, बाई माहेरी जाणार, असं प्रभाकर दिवाळीतच सांगून गेले होते. माहेरी आता कुणीही उरलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "मी कुठं जाणार नाही. खोली माझ्या नावावर करा." एकट्या बाईला खोली द्यायला शेठ कचरले. शेवटी वर्षभरापुरतं हो म्हणाले.

होळीच्या सुमारास धाकटे दीर अरविंद आले. त्यांनी सांगितलं, अकोल्याच्या घरात दादांची दुसरी बायको होती आणि तिला दिवस गेले होते. नव्या कायद्यानं दुसरं लग्न गुन्हा ठरत होता. वहिनींनी तोंड उघडलं तर दादांची नोकरी जाणार होती. तुम्ही गप्प राहाल एवढा शब्द द्या, असं ते पुन्हा पुन्हा विनवत राहिले. बाईंनी त्यांना जेवू घातलं. शब्द दिला नाही.

जूनमध्ये मराठीची पहिली उघडलीच नाही. बाईंनी हिंदीचा वर्ग मागून घेतला. 'का' आणि 'की'ची गफलत झाली की मुली हसत. बाई वाक्य सुधारून पुढे शिकवत. दिवेलागणीला स्टेशनवरचा टांगा गल्लीत वळला, की मात्र त्या हातातलं काम टाकून उठत आणि दाराला कडी लावत.