नसलेलं अपेंडिक्स
इंदूरच्या तुकोगंजमधल्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या पोटाची उजवी बाजू दाबून सोडली आणि मी किंचाळले. दोन दिवस ताप होता, पोट दुखत होतं. सोनोग्राफीत गॅसमुळे नीट दिसलं नव्हतं, पण डॉक्टरांना शंका नव्हती. "अपेंडिक्स है. आज ही निकाल देते हैं."

मग त्यांनी विचारलं, "पहले कोई ऑपरेशन?"

"नाही हो डॉक्टरसाहेब, हिला तर कधी बुखारसुद्धा नाही आला," उत्तर सासूबाईंनी दिलं. पोटावरच्या पुसट व्रणाचंही त्यांनीच सांगितलं. "लहानपणी पत्र्यावर पडली होती ना."

त्या खोटं बोलत नव्हत्या. खोटं माझ्या माहेरचं होतं. माझं अपेंडिक्स बाराव्या वर्षीच जळगावात काढलं होतं. इंदूरचं स्थळ आलं तेव्हा आईनं बजावलं, पोट फाडलेली मुलगी कोण करून घेतं, पत्र्यावर पडलीस म्हणून सांग. मी सांगितलं. नवऱ्यालाही तेच सांगितलं आणि तेवीस वर्षं निभावलं.

आता माझ्या पोटात जे नव्हतंच, ते काढायची तयारी चालली होती. हाताला सलाइन, अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा, उशाशी सासूबाई. त्या बाहेर गेल्या की डॉक्टरांच्या कानात सांगू, असं मी ठरवलं होतं. पण बाई चहालासुद्धा उठेनात. एवढी माया नेमकी त्याच दिवशी कुठून आली होती, देव जाणे! मला त्यांचा राग येत होता आणि त्याहून जास्त स्वतःचा.

नवऱ्यानं संमतीच्या कागदावर सही करायला पेन उघडलं, तेव्हा मात्र मी बोलून टाकलं.

"डॉक्टरसाहब, मेरा अपेंडिक्स नहीं है. बचपन में ही निकाल दिया था."

डॉक्टरांनी तो व्रण पुन्हा पाहिला आणि ऑपरेशन थांबवून मला सीटी स्कॅनला पाठवलं. त्यात सापडलं ते डायव्हर्टिक्युलायटिस. मोठ्या आतड्याच्या भिंतीला उजवीकडे एक छोटी पिशवी फुगून आली होती, ती सुजली होती. उजव्या बाजूला झालं की हे हुबेहूब अपेंडिक्ससारखं दुखतं, असं डॉक्टर म्हणाले. चिरफाडीची गरज नव्हती. सलाइनमधून अँटिबायोटिक्स, पोटाला विश्रांती, मग हळूहळू पातळ खाणं.

सासूबाई त्या संध्याकाळी बडा गणपतीजवळच्या आमच्या घरी निघून गेल्या. नवरा थांबला. दोन दिवस तो औषधांच्या वेळा सोडून माझ्याशी काही बोलला नाही. मलाही उठून कुठे जाता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तेव्हा तो म्हणाला, "मला तरी सांगायचं होतंस. मी काय परका होतो?"

मला रडू आलं. त्याचं खरंच होतं. तरी मी विचारलं, "लग्नाआधी सांगितलं असतं, तर केलं असतंत माझ्याशी लग्न?"

त्यानं बराच वेळ विचार केला. माणूस प्रामाणिक आहे.

"आईला विचारावं लागलं असतं," तो म्हणाला.