आईच्या समुद्रातला समाज

हैदराबादेत समुद्र नाही. हुसेनसागर आहे, पण तो नावापुरता सागर; वारा फिरला की नाकाला रुमाल लावून त्याचं सौंदर्य बघावं लागतं. तरीही बरकतपुऱ्यातल्या आमच्या आईने सत्तरी ओलांडल्यावर चित्रकलेच्या क्लासात काढायला घेतला तो समुद्रच.

चित्र मराठी मंडळाच्या हॉलमध्ये लागणार होतं. जन्मभर शाळेत दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईचं स्वतःचं काहीतरी पहिल्यांदाच भिंतीवर जाणार, म्हणून ती हरखली होती. मला म्हणाली, "खाली लावायला चार ओळी लिहून दे. तू तो कोर्स केलास ना."

केला होता. कलेतला सामाजिक आशय, सहा आठवडे, ऑनलाइन. अर्ध्या हळकुंडाने मी पुरता पिवळा झालो होतो. कोर्सचं सार एवढंच, की चित्रात कोण दिसतं ते बघायचं नाही, कोण गाळलंय ते बघायचं. आईच्या चित्रात तर सगळेच गाळलेले. माणूस नाही, होडी नाही, जाळं नाही. जिकडेतिकडे वाळू, वर परकराच्या नाडीएवढी निळी पट्टी, आणि खालच्या कोपऱ्यात काही तपकिरी गोळे. मला आनंदाचं भरतं आलं.

चार ओळींची दोन पानं झाली. राबणाऱ्या कोळ्याला मध्यमवर्गाने किनाऱ्यावरून हाकललं आहे, जमिनीच्या हावेपायी समुद्र आक्रसला आहे, आणि ते गोळे म्हणजे उपेक्षितांची बिनचेहऱ्याची गर्दी. हे सगळं मी चहाच्या वेळी आवाज खाली उतरवून वाचून दाखवलं. आता आठवलं की कान गरम होतात.

बाबा बिस्किट बुडवत म्हणाले, "समुद्र जरा मोठा काढायचास. निळा रंग संपला काय?"

"संपला नाही," आई म्हणाली. "मला तिथून तेवढाच दिसत होता."

"कुठून?" मी विचारलं.

"मछलीपट्टणला गेलो होतो बघ, तू चौथीत असताना. तुम्ही सगळे पाण्यात पळालात. सामानापाशी कोण तर पाहिजे. बसले मग संध्याकाळपर्यंत."

"आणि हे गोळे?"

"चपला आहेत रे तुमच्या. एक कुत्रं सारखं परेशान करत होतं, त्यातली एक उचलायला बघायचं."

त्या सहलीची गोष्ट मी शंभर वेळा तरी सांगितली असेल. नाकात गेलेलं खारं पाणी, बाबांचे खांदे, कमरेएवढी लाट. त्यात आई कुठे होती, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. कोण गाळलंय ते शोधण्यात मात्र मी पारंगत. मला स्वतःची मनापासून लाज वाटली. बाबांचं बिस्किट चहात पडलं आणि त्यांनी ते काढलं नाही.

आईने माझी दोन पानं घडी घालून परत दिली. "एवढं नक्को. चपला आहेत, तेवढं लिही. लोकांना दगड वाटतील."

मी हो म्हटलं. मग राहवलं नाही. "म्हणजे तू पाण्यात गेलीसच नाहीस?"

"हौ, नाही गेले," ती कपबशा उचलत म्हणाली. "पण तुमच्या चड्ड्या पिळल्या ना मी. ते समुद्राचंच पाणी होतं."