उजव्या पंजाचा बिघाड

रत्नागिरीत असं एकही यंत्र नसेल, जे माझ्या आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, एकदा तरी उघडून पाहिलेलं नाही. आयुष्यभर जहाजांवर वायरमन होते. निवृत्त होऊन शहरालगत नाचणे गावात घर बांधलं, पण त्या घरात ते टेकले असे नाहीतच. भात संपून ताक येईपर्यंतच्या वेळात उठून फ्यूज बघून येणार. एसटी घाटात बंद पडली की सगळ्या प्रवाशांत एकच आनंदी चेहरा, तो यांचा. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते माईकवाल्याच्या पेटीत डोकं घालून बसले होते. शेवटचं कडवं कुणालाच ऐकू न येता आम्ही एकमेकांना हार घातले. "घरघर येत होती रे," नंतर मला म्हणाले, "आता बघ, आहे का घरघर?" घरघर नव्हती. आवाजच नव्हता.

गेल्या वर्षी आत्याला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं लवकर सुधारलं, पण उजवा हात लुळाच राहिला. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू ती उशीखाली सरकवून ठेवायची. "मी काय कुकुलं बाळ आहे चेंडू दाबत बसायला?" आतोबांची त्या दिवसांतली तगमग बघवत नव्हती. घरभर फेऱ्या मारायचे, मधेच तिचा हात उचलून निरखायचे, पुन्हा चालू लागायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "याला स्क्रू नाहीत रे कुठे."

अशात त्यांनी मिरकरवाडा बंदरावरच्या भंगारवाल्याकडून पिनबॉलचं एक जुनं मशीन उचलून आणलं. कुठल्याशा परदेशी बोटीवर खलाशांच्या करमणुकीला असलेलं. काचेखाली उतरती फळी, तिच्यावर धावणारी पोलादी गोळी, आणि गोळी खाली आली की तिला परत वर भिरकावायला डावा-उजवा असे दोन पंजे, त्या त्या बाजूचं बटण दाबलं की उडणारे. गोळी खांबांवर आपटली की घंटा वाजते. मशीन एकशेदहा व्होल्टचं, आतोबांनी घाईघाईत घरच्या दोनशेतीसच्या प्लगला जोडलं. घंटा वाजली नाही, घरातले दिवे मात्र गेले.

ट्रान्सफॉर्मर आणला, जळालेले फ्यूज बदलले, तरी उजवा पंजा मनाला येईल तेव्हाच उडायचा. खाली आडवं होऊन तपासावं तर बटण दाबायला हात पोचेना. "अगं, जरा इथे बसतेस का?" आत्या कुरकुरत खुर्ची ओढून उजव्या बाजूला बसली.

"दाब! सोड! दाब!"

"दाबलंय हो! तुमचंच यंत्र ऐकत नाही माझं!"

खाऱ्या हवेनं काळे पडलेले सगळे रिले, म्हणजे आतले विजेचे खटके, त्यांनी एकेक करून घासले. बिघाड जाईना. आत्या रोज त्यांना नवनव्या शब्दांत झापायची, पण बसायची. सुरुवातीला उजव्या हाताचा अख्खा तळवा रेटायची, मग चार बोटं, पुढे नुसती तर्जनी. "आतोबा, हे मुद्दाम चाललंय ना?" मी विचारलं. ते भडकलेच. "मेल्या, बिघाड खरा आहे!"

खराच होता. एका तारेचं कापडी वेष्टण शाबूत, पण आतलं तांबं तुटलेलं. धक्का लागला की टेकायचं, पुन्हा सुटायचं. ती तार बदलली आणि मशीन घणघणलं.

आत्या आता चहा गाळते, सही करते. वेणी तिला जमत नाही, ती आतोबा घालतात. "हलू नकोस" म्हणतात आणि स्वतःच हलत असतात.

परवा तो पंजा पुन्हा अडला. आतोबांचे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून टेस्टर घेऊन मशीनखाली मी शिरलो. वर दोघांचं वाजलं होतं, ते एकदम थांबलं. "आत्या, दाब!" मी ओरडलो. काहीच नाही. मान बाहेर काढून पाहिलं, तर तिची बोटं बटणावर थकून थरथरत होती आणि आतोबांनी आपला तळवा त्यांवर अलगद ठेवला होता.

"थांब रे जरा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "घाई काय आहे?"

मी टेस्टर बाजूला ठेवला आणि तसाच पडून राहिलो.