गरजेला वीसपैकी चार

कोंबडीच्या रश्श्यावरून मी एका पाड्यावरच्या बायकांची गिरणी घालवली. हे एवढं वाक्य कागदावर उतरायला मला बारा वर्षं लागली.

तेव्हा मी मुख्याध्यापिका म्हणून नुकतीच निवृत्त झाले होते. नातवंडं अजून व्हायची होती, त्यामुळे जगाला शिस्त लावायला वेळच वेळ होता. नाशिकच्या एका ट्रस्टने मला अनुदान समितीवर घेतलं. गावोगावच्या मंडळांचे, बचत गटांचे अर्ज यायचे. दोघांनी जागेवर जाऊन बघायचं आणि तक्त्यात गुण भरायचे: गरज किती, स्वतःचा वाटा किती, पुढे चालवतील का. बैठकीत बेरजा मांडायच्या, वरचे सहा अर्ज मंजूर. एकदा भरलेले गुण खोडायचे नाहीत, हा नियम माझाच. वशिल्याला वाव नको म्हणे! पर्समध्ये लाल पेन, डोळ्यांवर गॉगल, अंगावर खळ घातलेली साडी. ती बाई आज रस्त्यात दिसली, तर मी पलीकडच्या फुटपाथवर जाईन.

पाडा पेठ तालुक्याच्या बाजूला, डोंगरात. बायकांना नागली, म्हणजे आपली नाचणी, दळायला लहानशी गिरणी हवी होती. दळण डोक्यावर घेऊन घाट उतरायचा, पीठ घेऊन तोच घाट चढायचा, अख्खा दिवस त्यात जायचा. अर्जात हे सगळं लिहिलं होतं. मी ते वाचलंही होतं.

आम्ही पोचलो तर अंगण सारवलेलं, आठ प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. जेवायला कोंबडी, तांदळाची भाकरी, आणि ताटं स्टीलची, चकचकीत. मी दोनदा रस्सा मागून घेतला. परतताना गाडीतच तक्ता पुढे ओढला. सोबतचे सदस्य निफाडकडचे द्राक्षबागायतदार. ते हळूच म्हणाले, "मॅडम, बायका चालून चालून पार थकल्यात हो."

"सर, ताटं बघितलीत का? माझ्या घरची तरी एवढी चकाकतात का?" मी म्हटलं आणि लिहिलं: गरजेला वीसपैकी चार. शेरा, 'परिस्थिती बरी दिसते.'

दोन गुणांनी गिरणी गेली. सहावा नंबर गंगापूर रोडच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याचा लागला. त्यांना बाकडी मिळाली. त्यांवर हल्ली मीही बसते, पाठ टेकायला छान आहेत. पाड्याला नकाराचं पत्र मीच लिहिलं. 'आपला उपक्रम स्तुत्य आहे, तथापि...' त्या 'तथापि'वर मी फार खूश होते.

चारेक महिन्यांनी दुसऱ्या पाहणीला त्याच रस्त्याने निघाले होते. जवळचं पाणी संपलं, म्हणून न कळवता पाड्यावर वळले. अंगणात खुर्ची एकही नाही. कुणीतरी पोचे आलेल्या जर्मनच्या तांब्यात पाणी दिलं. तेवढ्यात गटाच्या अध्यक्ष बाई घाट चढून आल्या. माझ्याच वयाच्या. डोक्यावर पिठाची पाटी, भुवया पिठाने पांढऱ्या. मला बघताच त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, हिला बसायला काय द्यावं म्हणून. मग पाटी उतरवून गोधडी झटकून अंथरली.

"खुर्च्या कुठे गेल्या?" मी विचारलं. हो, विचारलं! अक्कल अजून यायची होती.

"त्या घाटाखालच्या आश्रमशाळेच्या व्हत्या, बाई. ताटंबी तिथलीच. तुमी येनार म्हनून डोक्यावर आनली, तुमी गेल्यावर पोचवली."

"आणि कोंबडी?"

"ती आमचीच. अंडी देनारी एकच व्हती."

मी तांब्या खाली ठेवला. मला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा माझ्या आईने शेजारणीच्या कपबश्या मागून आणल्या होत्या. त्यातला एक कप मीच धुताना फोडला होता. हे मला त्या दिवशी गाडीत आठवायला नको?

मग मी सांगितलं. ते चार गुण माझ्या हातचे. खोडता येत नाहीत, कारण नियमही माझाच. आणि एकदा नाकारलेला अर्ज ट्रस्ट तीन वर्षं पुन्हा घेत नाही. सांगताना नजर गोधडीच्या टाक्यांवर ठेवली होती.

बाईंनी पाटी भिंतीशी सरकवली. मग पदराने भुवया पुसत म्हणाल्या,

"पुढच्या खेपेला उपाशीच धाडू तुमाला. आता बसा, च्या ठेवते. का त्याचेबी मार्क कापाल?"