मोकळ्या नळ्या

“हिचं हृदय ठणठणीत आहे. नळ्या मोकळ्या. आजार इथं नाही, इथं आहे.”

मोठ्या डॉक्टरनं पेन आधी माह्या छातीवर टेकवला, मंग कपाळावर. पलंगाभोवती शिकाऊ पोरंपोरी उभे होते. ते हसले. माह्या मनगटातून तार घालून हृदयाच्या नळ्या तपासल्या होत्या. तिथं पट्टी होती. मी पट्टीकडे पाहत राह्यली.

त्यानं आडनाव विचारलं. मी सांगतलं.

“अच्छा,” म्हणे. मंग पोरांकडे वळून, “या लोकांना सगळं फुकट लागतं. आरामसुद्धा.”

राग आला नाही. रडूही आलं नाही.

राळेगावकडं मालकाच्या वावरात कापूस वेचता वेचता छातीवर कोणी गुडघा रोवल्यासारखं झालं होतं. जबडा दुखला, डावा हात भरून आला, अंगावरचं पातळ घामानं भिजलं. नवऱ्यानं ऑटोत घालून शहरात नेलं. भरती करणारा डॉक्टर म्हणला होता, अटॅक आहे. नळ्या मोकळ्या निंघाल्या अन् अटॅक खोटा झाला. मी खोटी झाली.

घरी नवरा म्हणे, “मशीन खोटं बोलते काय?”

मालकीण ओसरीवरून सगळ्या बायांसमोर बोलली, “काही निंघालं नाही ना? मंग वावरात काहून नाही येत? तुमच्या लोकायले निमित्तच लागते.”

गेली वावरात. बाया मले ‘हार्टवाली’ म्हणत. मीही हसे. छातीत कळ आली की मीच मले सांगे, उगी राह्य, नाटक नको करू. हे सगळ्यात वाईट झालं. दुसऱ्यानं सांगतलेलं मी माह्या तोंडानं बोलायले लागली.

एक दिवस भर उन्हात तोच गुडघा पुन्हा छातीवर. मी कापसाच्या पऱ्हाटीत खाली बसली. मालक वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून ओरडला, “ऊठ वं! तुह्या नळ्या मोकळ्या आहेत. साऱ्या गावाले माहीत आहे.”

उठायले गेली. सवयीनं. गुडघे टेकले, अन् तशीच थांबली. कमरेची ओटी सोडली. वेचलेला कापूस मातीत पडला.

“नाही उठत,” म्हटलं. “माह्या छातीत दुखते. तुम्ही माना, नका मानू.”

तेव्हा माह्यापाशी काही पुरावा नव्हता. दुखणं होतं, तेवढंच.

माह्या बाजूच्या ओळीत वंदना वेचत होती. तिनंही ओटी सोडली. तिनं मले दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथं तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं हृदयाचा ईसीजी काढला, रक्त तपासलं.

“ताई, अटॅक आहे.”

“पण नळ्या मोकळ्या आहेत, मॅडम.”

“मोठ्या नळ्या मोकळ्या असल्या तरी अटॅक येतो. कधी नळी आखडते. कधी बारीक नळ्यांतून रक्त पोचत नाही. बायांना असा अटॅक जास्त येतो. कारण शोधावं लागतं, घरी पाठवून चालत नाही.”

मंग नागपूरले मशीनीत घालून हृदयाचे फोटो काढले. हृदयावर डाग निंघाला. जुना, त्या पहिल्या अटॅकचा. तेवढा भाग मेला म्हणे, आता भरून येणार नाही. मले वाटलं होतं, खरी ठरली तं बरं वाटन. वाटलं नाही. नवरा बाकावर बसून रडला. मी पाह्यलं त्याच्याकडं.

मालकाच्या वावरात पुन्हा गेली नाही. रोजच्या गोळ्या चालू आहेत.

मागच्या महिन्यात शेजारची दुर्गा छाती धरून बसली. मी तिच्यासंग गेली. डॉक्टरनं वर न पाहता म्हटलं, “गॅस आहे. घरी न्या.”

“रक्त तपासा. मंग सांगा.”

“तुम्ही कोण? बाहेर थांबा.”

नाही थांबली. दुर्गाचा हात धरून तिथंच उभी राह्यली. रक्त तपासलं तेव्हाच हलली. यापुढंही असंच. हसा, हाकला, पोलीस बोलवा. आमची बाई दुखते म्हणन, तं आधी तिले तपासा लागन. त्याच्याआधी मी तिले घरी नेणार नाही.